पानिपतहून आलेली माणसं

चंद्रप्रभाबाईंना झोप येत नाही, असं फरीदाबादच्या मराठी मंडळात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. "पाठ टेकली की बिल्कुल गाढ," हे बाई स्वतःच सगळ्यांना ऐकवत. खरी गोष्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. मुलगी अश्लेषा लग्न होऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती झोपेची गोळी दिली होती. दिवस सरले, वर्षं सरली, गोळी काही सरली नाही. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. केमिस्ट 'आंटीजी' म्हणत चिठ्ठीशिवाय पाकीट हातात ठेवायचा. आणि नवरा बळवंतराव, केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म काढलेला माणूस, चारचौघांत मिरवायचा, "आमच्या हिला औषधाचं नाव नको."

यंदा संक्रांतीच्या तोंडावर बाईंना नातवाचं नाव आठवेना. चक्क नातवाचं! या गोळ्यांनी विसरायला होतं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. झालं, बाई पडल्या हट्टी. होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या संडासात ओतून मोकळ्या झाल्या.

संक्रांतीला मंडळाची बस दरवर्षीसारखी पानिपतला गेली, लढाईत पडलेल्यांना वंदन करायला. तोवर बाईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हात थरथरत होते, भर थंडीत पोलकं घामाने भिजलं होतं. स्मारकापुढे सगळे हात जोडून उभे असताना त्यांना पायाखालून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. मग धुक्यातून माणसं आली. ओठ फाटलेली, मातीने माखलेली. बोलत नव्हती, नुसती बघत होती. "अहो, यांना कुणीतरी पाणी द्या," बाई म्हणाल्या. तिथे गव्हाच्या शेताशिवाय काही नव्हतं.

नणंद कौशल्याने जागच्या जागी निदान केलं. "दादा, वहिनीला इथलंच कुणीतरी लागलंय." घरी येऊन अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. माणसं हलायला तयार नाहीत. सोफ्यामागे उभी, टीव्हीपाशी उभी. अश्लेषाने स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून विचारलं, "आई, कुठली गोळी वगैरे बंद केलीस का?" बळवंतरावांनी परस्पर सांगून टाकलं, "छे, हिला कसली गोळी!" बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या मेलेल्यांपेक्षा त्यांना नवऱ्याची भीती जास्त वाटली. थोड्या वेळाने चहा गाळताना हातातलं भांडं सुटलं, बाई कोसळल्या आणि अंगाला झटके येऊ लागले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न सगळ्यांदेखत विचारला. या वेळी बाईंनी सांगितलं, सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम तोडली की भास होतात, फिट येते, माणूस जिवानिशीही जातो. आता परत सुरू करून महिनोन्महिने, हळूहळू कमी करत आणायची.

बळवंतराव खाली मान घालून बाहेर गेले. दाराआडून मंडळातल्या कुणाशी तरी फोनवर बोलतानाचा त्यांचा आवाज आला, "नाही नाही, पानिपतचंच होतं. उतरलं आता." बाईंना रडू फुटलं. बायकोला भूत लागलेलं या माणसाला चालत होतं, गोळीची सवय लागलेली चालत नव्हती.

कौशल्या उशाशी येऊन बसली. पदर पिळत म्हणाली,

"वहिनी, मीही घेते. हे गेल्यापासून. आता तर धसकाच घेतलाय मी. घरी गेले की फेकून देते सगळ्या."

बाईंना धड उठता येत नव्हतं, तरी त्यांनी नणंदेचं मनगट घट्ट धरलं.

"फेकू नकोस, कौशल्या. आजची आज घे आणि उद्या सकाळी याच डॉक्टरीणबाईंपुढे येऊन बस. आणि तुझ्या दादाला आत पाठव. फोन घेऊन. मंडळाला काय ते मी सांगते."