नांदुऱ्याच्या जिनिंगमधला पांढरा उजेड

नांदुऱ्यात माझं एलईडी दिवे बनवायचं लहानसं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. मामा तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. आलेला कापूस दिव्याखाली धरून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. उन्हं तापायला लागली होती. एक दिवस ते दुकानात आले आणि स्टुलावर टेकले.

"माहे डोये गेले वाटते, बाई," म्हणाले. "जो कापूस सकायी पिवया दिसते, तोच दुपारी पांढराफेक दिसते. तुह्या मामीले बी सांगतलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिनिंगमध्ये गेले. वर टिनपत्रं तापलेली. टेबलावरच्या दिव्याखाली मी कोरा कागद धरला. तो निळसर दिसला. दारात उन्हात नेला तर पांढरा. दिव्याच्या पाठीला बोट लावलं आणि चटका बसला.

"मामा, तुमचे डोये चांगले हायेत. दिवा तापून राह्यला."

त्या दिव्यात लाल, हिरवा, निळा मिळून पांढरा उजेड व्हायचा. तापला की लाल सगळ्यात आधी मंदावायचा आणि कापसाचा पिवळेपणा त्या निळसर उजेडात लपायचा. मामा हसले, मग उपरण्याने डोळे पुसत राहिले.

मी दिव्यामागे तापमान मोजणारा सेन्सर बसवला. लाल जेवढा उतरेल तेवढेच हिरवा-निळा उतरवायचे, असं सर्किट जुळवलं. उजेड थोडा कमी झाला, पण भर दुपारीही रंग हलेना.

त्याच दुपारी फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीच्या गाड्या आल्या. मामांनी पहिल्या गाडीतला कापूस दिव्याखाली धरला. पिवळा. दुसरीतला, तिसरीतलाही तसाच. एक पुंजका त्यांनी उकलला, तर तळहातावर बोंड पोखरून कापूस पिवळा पाडणारी गुलाबी अळी वळवळली.

"बीटी बियाण्याच्या कपाशीले अळी लागत नाही म्हणत होते," एक शेतकरी हळूच बोलला. मामा परत परत हात धूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मामांच्या शेतात गेलो; त्यांनीही फरदड राखली होती. वरून हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली. आत किडकं, काळपट. अळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून मामा-मामी आणि मी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला लागलो. धुऱ्यापलीकडे, बांधाच्या पल्याड, शेजाऱ्याची फरदड उभी होती आणि तो तिथेच काम करत होता.

"उपटून टाक बे, सारं पोखरलं हाये!" मामा ओरडले.

त्याने "हाव, हाव" म्हणत होकाराचा हात हलवला आणि कपाशीला पाणी सोडायला मोटरकडे निघून गेला.