रुंद पायांचे घट्ट जोडे

पायांवर काम करणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. दातांच्या डॉक्टरसमोर पेशंट तोंड उघडून गप्प बसतो. आमच्याकडे पाय पुढे करतो आणि बोलतच सुटतो!

बंगलोरहून फिजिओथेरपी शिकून मी मूल या माझ्याच गावाजवळच्या एका छोट्या कुष्ठरोग दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. मी व्यायाम शिकवतेय, वाकडी बोटं सरळ होतायत, आणि दोन-तीन वर्षांत तालुक्यातून तो आजारच हद्दपार! प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली दवाखान्यामागची टिनाची शेड. आत कातड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास, आणि बाकावर ओळीने बसलेले पाय. रुंद पाय. जन्मभर अनवाणी, धानाच्या बांधीत रोवणी करून बोटं पंख्यासारखी फाकलेले. बाजारातला एकही जोडा या पायांसाठी बनलेला नव्हता.

शेडमध्ये आम्ही चौघं. जोडे शिवणारे युसूफचाचा. ड्रेसिंग करणाऱ्या शकुनबाई. सायकलवर गावोगाव फिरून गोळ्या पोचवणारे नामदेवभाऊ, जे स्वतः पंधरा वर्षांपूर्वी याच आजारातून बरे झाले होते. आणि मी, म्हणजे 'म्याडम'.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवते. गोळ्यांनी आजार जातो, पण तळव्याची गेलेली संवेदना परत येत नाही. पुढचं सगळं त्यातून निघतं.

* * *

पहिला किस्सा माझ्यावरच!

बंगलोरला मी एका सायकल क्लबात होते. रोज पहाटे चाळीस किलोमीटर. तिथल्या एका सीनिअर मुलीने परदेशी जाताना मला तिचे सायकलिंगचे जोडे दिले. खास रस्त्यावरच्या सायकलसाठी बनवलेले, कडक सोल, निमुळतं तोंड. माझे पाय पडले मूलचे! पहिल्याच महिन्यात दोन्ही करंगळ्यांची नखं काळी झाली. "सैल होतील गं, धीर धर," असं सगळे म्हणायचे. मी दोन वर्षं धीर धरला. जोडे काही सैल झाले नाहीत, मीच लंगडायला शिकले.

तेच जोडे घालून मी पहिल्या दिवशी सायकलवरून शेडमध्ये आले. चाचांनी एक जोडा हातात घेतला, उलटा केला, सोल वाकवून पाहिला, आत बोटं घालून रुंदी चाचपली. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग पुन्हा जोड्याकडे.

"बेटी," ते फार काळजीने म्हणाले, "इसका मालिक लेने कब आएगा?"

* * *

माप घ्यायची चाचांची पद्धत मी दोन दिवसांत शिकले आणि मग सगळ्यांना शिकवत सुटले. माप सकाळी नाही, दुपारनंतर घ्यायचं, चालून किंवा सायकल मारून पाय फुगल्यावर. बसवून नाही, उभं करून, पूर्ण वजन टाकून. पेन्सिल सरळ धरायची. दोन्ही पाय वेगवेगळे काढायचे आणि जो मोठा असेल त्याच्या मापाने जोडा करायचा. पुढे अंगठाभर जागा. आणि पाय जिथे सर्वांत रुंद, तिथेच जोडाही सर्वांत रुंद हवा. माझ्या क्लबातल्या एकालाही हे माहीत नव्हतं!

एकदा सोनाबाई आली. साठीची बाई. मी कागद पसरला, तिला उभं केलं, पेन्सिल फिरवली. डाव्या पायाला तीनच बोटं उरली होती. मी तशीच रेघ काढली आणि कागद उचलू लागले.

"थांब वो बाई," ती म्हणाली. "राह्यलेले दोन काऊन नाई काढले?"

"मावशी, जोडा मापाचा हवा ना."

"जोडा तीनचाच कर," ती म्हणाली. "पन कागदावर त पाच काढ. कागदाले का त्रास हाये?"

मी पाच काढली. शकुनबाई पलीकडे तोंड करून कापसाचे बोळे मोजत बसल्या.

* * *

चामोर्शीकडचा महादेव महिन्यातून एकदा सायकलने यायचा, सहा-सात कोस. आम्ही त्याला नवे जोडे दिले होते. माझ्या फॉर्मवर एक प्रश्न असायचा, तो मी अगदी मनापासून विचारायची.

"कसे वाटतात जोडे? आरामदायक आहेत?"

"झकास, म्याडम! पायात हायेत का नाईत तेबी समजत नाई!"

मी लिहिलं: 'अत्यंत आरामदायक.' खाली रेघही मारली!

शकुनबाईंनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि महादेवला म्हणाल्या, "काढ."

त्याने उजवा जोडा काढून झटकला. आतून चुन्याची डबी पडली. ॲल्युमिनियमची, पार चपटी झालेली.

"अरे बाप्पा!" महादेव आनंदाने ओरडला. "सकारपासून शोधून राह्यलो हिले!"

सहा-सात कोस त्याने त्या डबीवर पॅडल मारलं होतं. तळव्याला पडलेल्या छिद्रातून रक्त गळत होतं आणि तो डबी उघडून चुना उरलाय का ते बघत होता.

"खिसे कमी पडले का रे तुले?" शकुनबाई त्याचा पाय मांडीवर ओढत म्हणाल्या. त्यांचं ड्रेसिंग करून होईपर्यंत त्याने तंबाखू मळून घेतली.

फॉर्मवरचा तो प्रश्न मी मात्र पुढेही विचारत राहिले. छापलेला होता ना!

* * *

नामदेवभाऊंचा पाय कागदावर दहा नंबरचा भरायचा, तोही दहातला रुंद. पण ते नेहमी आठ नंबर मागायचे. चाचा दहाचा करायचे आणि भाऊ आतमध्ये कापड कोंबून तो घट्ट करायचे. मी चिडायची. मोठा जोडा फुकटात मिळतोय, आणि हा माणूस लहान मागतो!

एक दिवस मी त्यांना समोर बसवलं. "भाऊ, खरं सांगा. घट्ट जोडा का आवडतो तुम्हाला?"

ते शेडबाहेर लावलेल्या त्यांच्या सायकलच्या पॅडलकडे पाहू लागले. पॅडलचं रबर कधीच झिजून गेलं होतं, नुसता लोखंडी दांडा उरला होता.

"म्याडम, सैल जोडा घातला का मले वाटते, पाय घरीच राह्यला. खाली पाहून पाहून चालवा लागते. आवळला का थोडंसं समजते."

"काय समजतं?"

"का पाय हाये."

माझ्या पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेलं होतं. मी त्याखाली लाल पेनने रेघसुद्धा मारली होती. परीक्षेत चार मार्कांना आलं होतं ते.

* * *

आमच्या दवाखान्याच्या चपला सगळ्या एकसारख्या. काळं मऊ रबर, दोन रुंद पट्टे, दोन बकलं. पायासाठी उत्तम, पण लांबून ओळखू यायच्या. नामदेवभाऊ बाजाराच्या अलीकडेच त्या काढून पिशवीत टाकायचे. "चप्पल दिसली का चायवाला कप बदलते," हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं.

त्यांच्या मुलीचं, संगीताचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा नदीपलीकडच्या गावचा, शाळेत शिपाई. भाऊंना मुलाचं घर पाहायला जायचं होतं. ते चाचांकडे आले. "चाचा, एक साधा जोडा करून द्या. दुकानातल्यासारखा. आतून तुमचा, बाहेरून लोकायचा."

चाचा करायला तयार होते. मी नाही म्हटलं.

नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी भाषण दिलं! म्हटलं, "भाऊ, तुम्ही बरे झालात. तुमच्याकडून कुणालाही काही होणार नाही. मग लपवता कशाला? आपणच लपवलं तर हा कलंक जाणार कसा? याच चपला घालून जा आणि ताठ मानेने सांगा!" माझा आवाज चढला होता. शेडमधल्या सगळ्यांनी ऐकलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

नामदेवभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाये, म्याडम," म्हणाले आणि गेले.

गेले ते थेट दुकानात. काळे, चकचकीत, पुढून टोकदार. नंबर आठ. ते जोडे घालून, त्या लोखंडी दांड्याच्या पॅडलवर, नदीपलीकडे गेले आणि तसेच परत आले.

तिसऱ्या दिवशी खुशीत कामावर हजर. "घर चांगलं हाये, म्याडम. लोक चांगले हायेत. साक्षगंध पुढच्या महिन्यात!"

साखरपुड्याच्या बातमीवर शकुनबाईंनी नुसता श्वास घेतला. त्यांना वासावरून कळायचं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जोडा काढा."

जोडा निघेना. कापून काढावा लागला.

* * *

जिल्ह्याहून सर्जन आले. दोन बोटं काढली. "जखम वर सरकली तर पाय ठेवता येणार नाही," असं सांगून गेले. नामदेवभाऊ व्हरांड्यातल्या खाटेवर पडले, पाय उशीवर. संगीता सोबतीला आली.

त्या आठवड्यात चाचा संध्याकाळी उशिरापर्यंत शेडमध्ये शिवत बसायचे. शनिवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक जोडा आणून ठेवला. बाहेरून दुकानातल्यासारखा, साधा, काळा. आतून मऊ रबर. पुढचं तोंड सुपासारखं रुंद, बोटांवर कुठेही शिवण नाही. सोल मात्र कडक, ट्रकच्या टायरचा, पॅडलचा दांडा टोचू नये म्हणून. माझ्या त्या सायकलिंगच्या जोड्याचा सोल त्यांनी पहिल्या दिवशी वाकवून पाहिला होता, तो असा उपयोगी पडला!

"सायकलवालों के लिए," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, "चाचा, हा आधीच व्हायला हवा होता."

ते पुढच्या जोड्याचं कातडं कापायला गेले. 

* * *

आणि आता हा शेवटचा. एवढ्या वर्षांत मी हा कुणाला सांगितला नव्हता.

साक्षगंधाला बारा दिवस होते. दुपारी मुलाचे वडील दवाखान्याच्या फाटकातून आत आले. उंच माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. व्हरांड्याच्या पायरीशी येऊन थांबले. कुणीतरी गावात त्यांना सांगितलं होतं की तुमचा समधी, म्हणजे होणारा व्याही, कुठल्या दवाखान्यात निजलाय.

"जय भीम," नामदेवभाऊ उठायला लागले.

"निजून ऱ्हा," ते म्हणाले. "मी बसाले नाई आलो. सांगाले आलो. आमच्या घरान्यात असं काई नाई. आजापासून नाई, पणजापासून नाई. तुमी लपवलं. मोडलं समजा."

संगीता आतल्या दाराशी उभी होती. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

मी पुढे झाले. माझं भाषण तयारच होतं! तेवढ्यात शकुनबाईंनी माझं कोपर धरलं आणि हनुवटीने फाटकाकडे दाखवलं.

फाटकात, धुळीत, एक चप्पल पडली होती.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी. फाटकापासून पायरीपर्यंत आमच्याकडे नुसती गिट्टी पसरलेली, ऊन मे महिन्याचं. ते तेवढं अंतर तसेच चालत आले होते आणि ताठ उभे राहून आम्हाला घराण्याचं सांगत होते.

चालता चालता चप्पल निसटावी आणि माणसाला पत्ताही लागू नये. याचा अर्थ काय, हे आमच्या शेडमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. खाटेशेजारी शिवत बसलेल्या चाचांनी हातातली आरी खाली ठेवली.

मी तोंड उघडलं. खाटेवरून नामदेवभाऊंनी पंजा उचलला, अगदी थोडासा. थांबा.

"संगीता," ते म्हणाले, "समधीजीसाठी चाय ठेव. आन आधी फाटकातली चप्पल घेऊन ये. तापली असन."

संगीता गेली. चप्पल उचलली, ओढणीने पुसली, आणून त्यांच्या पायाजवळ ठेवली.

त्या माणसाने खाली पाहिलं. चपलेकडे, मग पायाकडे.  मग पाय उचलून तळवा वर केला. तिथे गिट्टीचा एक खडा रुतून बसला होता. तो त्यांनी बोटाने काढला, आणि बोट सदऱ्याला पुसलं.

"बसा जी," नामदेवभाऊ म्हणाले. "मीबी असाच उभा राह्यलो होतो एक दिस."

ते बसले. चहा आला. कप एकच तऱ्हेचे होते. मोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही, जुळण्याचीही नाही. पावसाची, धानाच्या बियाण्याची गोष्ट निघाली. उठताना त्यांनी खाली वाकून, डोळ्यांनी बघत बघत चप्पल पायात घातली.

"येतो," म्हणाले आणि गेले.

ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे झाले. मग शकुनबाई म्हणाल्या, "ड्रेसिंगची वेळ झाली," आणि भाऊंचा पाय मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. पांढरा कोट खुंटीलाच ठेवला, दवाखान्याचं नाव असलेली बॅग टेबलावर, आणि पाय तपासायचं सामान एका साध्या पिशवीत घातलं. नदीपलीकडच्या त्या गावात कुणी विचारलं, "तुमी कोन जी?", तर काय सांगायचं ते ठरवलं.

मी पोरीकडची.