पसंती, खप आणि कुमुदताई

कुमुदताई पेडणेकर मला पहिल्यांदा दिसल्या त्या पाठमोऱ्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अंधेरी पश्चिमेला शेठजींचे साड्यांचे दुकान होते आणि वर पोटमाळ्यावर ताईंच्या हाताखालचा खरेदी विभाग. चित्रकलेची पदविका घेऊन मी मुलाखतीला जिना चढून गेले, तेव्हा ताई खिडकीशी एक साडी उजेडात धरून उभ्या होत्या. वळून न पाहताच त्यांनी विचारले, "हा रंग कोणता?"

"मोरपंखी."

"आता ट्यूबलाइटखाली बघ."

तिथे ती सरळ निळी दिसत होती.

"गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली घेतं आणि उन्हात नेसतं. दोन्हीकडे बघायचं असतं," ताई म्हणाल्या. "सोमवारपासून ये."

स्वतः ताई फिक्या रंगाची, बारीक काठाची सुती साडी नेसत. दुकानासाठी मात्र सुरतेहून मोठमोठ्या फुलांच्या सिंथेटिक साड्यांचे गठ्ठे मागवत. मला ते खटके. नारळी पौर्णिमेच्या आधी वेसाव्याच्या एक कोळीणबाई लेकीसाठी साडी घ्यायला आल्या. मी माझ्या आवडीची मोतिया रंगाची साडी पुढे केली. बाई म्हणाल्या, "बाय, ही नेसून लेक माझी आजारी दिसंल." ताईंनी शांतपणे पोपटी रंगावर गुलाबी फुलांची साडी उलगडली. मुलीने पदर खांद्यावर घेतला आणि आरशासमोरून हलेना. आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "तुला भडक दिसलं ना? तिला सण दिसला. आपली आवड घरी ठेवून ये, असं मी म्हणत नाही. पण तिला काउंटरवर बसवायचं नाही."

हे ऐकून मी मान डोलावली खरी, पण शहाणी झाले नाही. पुढच्याच वर्षी दिवाळीच्या खरेदीत एका अडत्याने हातमागाच्या राखाडी साड्या आणल्या. त्यांना तांब्याच्या रंगाचा बारीक काठ होता. मी हरखून गेले आणि तीनशे नग घेऊ या म्हणाले. ताईंनी एक साडी मांडीवर घेतली, बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता सही केली.

दिवाळीआधीच्या गर्दीत त्या साड्यांना कोणी हात लावला नाही. "सणासुदीला राख कोण नेसतं?" असे एक बाई स्पष्टच म्हणाल्या. धनत्रयोदशीला शेठजींनी ताईंना बोलावले. चूक कबूल करायची म्हणून मीही मागोमाग गेले आणि दाराशीच थबकले.

"पसंत कोणाची?" शेठजींनी विचारले.

"माझी."

"कुमुदबेन, एवढा वरसमधी तुम्ही असा माल नाय घेतला."

"यंदा घेतला."

दुसऱ्या दिवसापासून खरेदी शेठजींच्या पुतण्याकडे गेली. ज्या मुलींना ताईंनी घडवले, त्यांच्याच शेजारी त्या दिवसभर काउंटरला उभ्या राहू लागल्या. मला रडू आवरेना. म्हटले, "ताई, मी सांगते शेठजींना."

"काही सांगायचं नाही. मला ती साडी खपणार नाही हे कळत होतं, नीला. पण फार आवडली. आवडली म्हणूनच गप्प बसले. मग पसंत कोणाची झाली?"

काउंटरवरून ताईंनी त्या राखाडी साड्यांवर डाळिंबी ब्लाउजपीस ठेवून दाखवायला सुरुवात केली. शाळेतल्या बाई, नर्स, बँकेतल्या मुली त्या घेऊ लागल्या. सगळ्या मात्र संपल्या नाहीत. उरलेल्या सेलमध्ये गेल्या, तेही ताईंनी निमूटपणे पाहिले.

पुतण्याने संक्रांतीसाठी काळ्या साड्या आणल्या. उन्हात त्या तपकिरी दिसत. बायका त्या परत घेऊन येऊ लागल्या, तेव्हा शेठजी स्वतः काउंटरपाशी आले. "कुमुदबेन, वर चला." ताई म्हणाल्या, "नीलाला घेऊन येते." जिन्यावर त्यांनी मला सांगितले, "यापुढे दर खरेदीत दहा साड्या तुझ्या डोळ्यांना आवडतील त्या घे. दहाच. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनी."

मी पुढे तीस वर्षे खरेदी केली ती या एका वाक्यावर. त्या दहांतल्या कित्येक तशाच पडून राहिल्या. काहींनी मात्र गिऱ्हाइकाला नवी आवड लावली.

शेठजींपुढची ही हकिगत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. ताईंना ती छापलेली आवडणार नाही. पण त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात माझी चूक त्यांच्याच नावावर राहावी, हे मला बरे वाटेना.

गेल्या महिन्यात कांदिवलीला त्यांना भेटले. नजर आता अधू झाली आहे. बसल्याबसल्या त्यांनी माझा पदर चिमटीत धरला, उलटून अंगठ्याने चाचपला आणि म्हणाल्या, "चांगली आहे. कोणी निवडली?"

"मी," म्हटले. त्या हसल्या.

ताई, पंचाहत्तरीनंतरची तुमची वर्षे निरामय आणि पुष्कळ असोत, आणि आमचे पदर असेच तुमच्या चिमटीत येत राहोत.