थांबरावांनी साडूला दिलेला सल्ला

थांबराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण ओळखीतल्या कुणीही विचारलं, "नवा कॉम्प्युटर घ्यायचाय, काय करू?" की उत्तर ठरलेलं असायचं, "थांबा. प्रोसेसरची पुढची पिढी येतेय." ती पिढी आली की तिच्यात खोट निघायची. ही फार तापते, ही वीज खाते, त्यापेक्षा हिच्यानंतरची येऊ द्या. बाजारात न आलेल्या प्रोसेसरची अख्खी कुंडली त्यांना तोंडपाठ होती. स्वतःचा कॉम्प्युटर मात्र इतका जुना, की त्याचा पंखा जोरात फिरू लागला की बायको मिक्सर चालू राहिला की काय हे बघायला स्वयंपाकघरात धावायची.

पोटापाण्यासाठी ते अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचे. आर्किटेक्टबाई नकाशे पाठवायच्या, थांबराव त्यावरून कॉम्प्युटरमध्ये खोल्या उभ्या करायचे, भिंतींना रंग द्यायचे, खिडकीतून ऊन आत आणायचे. ऊन आणावं तर थांबरावांनीच. पण एकदा बटण दाबलं की कॉम्प्युटर त्या उन्हाचा हिशोब करत बसायचा आणि चित्र पुरं होईतो बाहेरचं खरं ऊन मावळून जायचं. तोवर थांबराव फोनवर येऊ घातलेल्या पिढ्यांच्या बातम्या वाचायचे.

हे काम त्यांनी आणखी एकाला शिकवलं होतं, आणि तो म्हणजे त्यांचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. त्याचं दुकान बसलं तेव्हा थांबरावांनी मोठ्या मनानं त्याला हाताशी धरलं आणि बाईंकडे नेलं. बाई त्यालाही काम देऊ लागल्या आणि ते मोठं मन लहान होत गेलं. साडूच्या चित्रातली उशी वाकडी दिसली की थांबरावांचा दिवस चांगला जायचा. साडू हसतमुख, कुणाशीही गप्पा मारणारा, आणि प्रोसेसरमधलं ओ की ठो न कळणारा. असल्या माणसाचं बरं चालतं, हे थांबरावांना सहन होत नव्हतं. सरळ सांगायचं तर ते जळत होते.

अशात बाईंना हॉस्पिटलच्या इमारतीचं काम मिळालं. त्यांनी दोघांनाही बोलावून सांगितलं, "वर्षभराचं काम आहे, पण एकालाच देणार. सकाळी बदल कळवला की संध्याकाळच्या मीटिंगला नवं चित्र हवं. महिनाभर दोघांचं बघते, मग ठरवते."

"मग आता तरी नवा घ्या," बायको म्हणाली. "पैसे बाजूला काढून ठेवलेत, ते काय पुजायला?"

"तुला कळत नाही. दोन महिन्यांत नवी पिढी येतेय. आत्ता घेणं म्हणजे हातानं पायावर धोंडा."

दुसऱ्या दिवशी साडू दारात. "साडूभाऊ, तुमच्याशिवाय मला कोण सांगणार? आत्ता घेऊ की थांबू?"

थांबरावांनी चहाचा कप खाली ठेवला. येणाऱ्या पिढीबरोबर सॉकेट बदलणार होतं, म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाचच बदलणार. आत्ता जो घेईल त्याच्या मदरबोर्डवर पुढचा प्रोसेसर बसणारच नाही. दोन महिन्यांत त्याचा कोराकरकरीत कॉम्प्युटर म्हातारा ठरेल. ही गोष्ट परक्या माणसालाही त्यांनी ओरडून सांगितली असती. पण समोर साडू बसला होता, आणि म्हाताऱ्या कॉम्प्युटरपुढे हात चोळत बसलेला साडू त्यांना फार गोड दिसला.

"घ्या," थांबराव म्हणाले. "बेलाशक घ्या. अजिबात थांबू नका."

साडूनं त्याच आठवड्यात घेतला. थांबराव मनातल्या मनात हसले आणि वाट बघू लागले. पण महिना संपायच्या आतच बाईंचा फोन आला. "तुमच्या उन्हाला तोड नाही हो. पण मीटिंग झाल्यावर मिळालेलं ऊन मी कुणाला दाखवू?" हॉस्पिटल साडूकडे गेलं.

थांबरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एकच आधार उरला होता, तो म्हणजे नवी पिढी. तीही लांबली. एकदाची आली, तेव्हा थांबराव बायकोला घेऊन मुद्दाम साडूकडे गेले. बहिणी-बहिणी गप्पा मारत होत्या, साडू नव्या कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"कळलं का साडूभाऊ? नवी पिढी आली. सॉकेट बदललं. तुमचा कॉम्प्युटर आता जुना झाला."

"हो का?" साडूनं मान वळवली. "असू दे की. कामं तर झटपट होतायत." आणि पडद्यावर हॉस्पिटलचा वऱ्हांडा उजळला, थांबरावांचा चहा निवायच्या आत. इतके दिवस आपण कुणाच्या जखमेवर मीठ चोळायला टपलो होतो, आणि जखम तर झालीच नव्हती, हे थांबरावांना तेव्हा कळलं. पिढी जुनी झाल्याचं दुःख जगात त्यांना एकट्यालाच होत होतं.

साडू थांबरावांच्या बायकोकडे वळून भारावल्या आवाजात म्हणाला, "ताई, आज जे काही आहे ते यांच्यामुळे. मी घाबरत होतो. हे म्हणाले, बेलाशक घ्या, अजिबात थांबू नका. सख्खा भाऊ इतकं सांगत नाही."

बायकोचा हसरा चेहरा हळूहळू बदलला. "तुम्ही म्हणालात? घ्या म्हणून?"

"म्हणालो."

"मी आदल्याच दिवशी विचारलं होतं ना हो तुम्हाला? मला थांब म्हणालात, आणि यांना घ्या?"

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. साडूच्या डोळ्यांत तर पाणी होतं. खरं कारण सांगावं तर नीच ठरणार, न सांगावं तर मूर्ख. थांबरावांनी साडूकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मला प्रोसेसरमधलं काही कळत नाही."