उलटी टोपी घालून पलीकडे

देवासात तेव्हा दोन महाराज होते आणि दोघांच्या राज्यांच्या मधून बाजाराचा रस्ता जात होता. एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. मी थोरलीतला, माझा मित्र धाकटीतला. दोन राज्यांतलं अंतर एवढंच की त्याच्या आईने फोडणी दिली की मला शिंक यायची.

मास्तरांनी बीजगणित सुरू केलं आणि वर्गाचा चेहरा पडला. सुखाने नांदणाऱ्या आकड्यांत हा ‘क्ष’ कुठून आला? मास्तरांनी फळ्यावर ‘क्ष + ५ = १२’ लिहिलं आणि बरोबरच्या चिन्हावर छडी टेकवली.

“हा आपला बाजाराचा रस्ता. क्षला घरात एकटं बसायचंय, म्हणून पाचाला पलीकडे धाडायचं. पण पलीकडे राज्य वेगळं! रस्ता ओलांडला की चिन्ह बदललं. अधिकचं उणे.”

मी उठलो. “पण मास्तर, मी रोज पलीकडे आत्याकडे बाफले खायला जातो. माझं काही उणे होत नाही.”

“दिसतंय,” मास्तर माझ्या पोटाकडे पाहून म्हणाले.

त्या दिवसापासून आम्हा दोघांचा नियम ठरला: रस्ता ओलांडायचा तर टोपी उलटी करून, परतताना सुलटी. मी तर भर बाजारात टांगा थांबवून, टांगेवाल्याला मुजरा करून मग टोपी फिरवायचो.

“क्यों भिया, दिमाग फिर गया क्या?” तो ओरडायचा.

“नहीं भिया,” माझा मित्र गंभीरपणे सांगायचा, “हम उणे हो गये.”

पाटीवर मात्र चिन्ह बदलायचं मी हमखास विसरायचो. तो कधीच नाही. वर्षभरात एकदाही नाही.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांना धारच्या दरबारात नोकरी लागली. बैलगाडीत ट्रंका चढत होत्या. मी जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं, “तिकडे तर तिसरंच राज्य. तुझं चिन्ह बदलणार का रे?” त्याने टोपीला हात घातला, पण तेवढ्यात वडिलांनी हाक मारली. गाडी वळली. त्याने टोपी फिरवली की नाही, धुळीत दिसलं नाही.

दोन महिने मला रस्ता ओलांडवेना. बाफले वाळून दगड झाल्याचा निरोप आत्याने दोनदा पाठवला. शेवटी मी त्याला पोस्टकार्ड टाकलं. आठवण येते असं लिहायची लाज वाटली, म्हणून एवढंच लिहिलं: ‘क्ष + ५ = १२. सोडव.’

उत्तर आलं. त्याच्या त्या नीटस अक्षरात: ‘क्ष = १२ + ५ = १७. पाच पलीकडे आले. जसे होते तसेच आहेत.’

मी धावत जाऊन ते मास्तरांना दाखवलं. त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली, कार्ड दोनदा वाचलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

“चूक आहे,” ते म्हणाले. “जपून ठेव.”

पुढे मी धारला गेलो, तोवर त्यांचं बिऱ्हाड तिथूनही हललं होतं. कुठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

परवा धाकटी लेक पुस्तक घेऊन आली. “बाबा, क्ष अधिक पाच बरोबर बारा. क्ष किती?”

“सतरा.”

“काहीतरीच! सात!”

“तुझ्या पुस्तकात सात असतील,” मी म्हटलं आणि बाजारात जायला निघालो. रस्त्याच्या मध्यावर हात आपोआप टोपीकडे गेला. समोरून येणाऱ्या एका भल्या गृहस्थाने तो नमस्कार समजून मला परत नमस्कार केला. मी दोन्ही केलं: नमस्कारही केला, टोपीही फिरवली.