धाकटीच्या हाताला लावलेला बोल

दोघी जावा एकाच टेबलावर काम करायच्या. थोरली माल आणायची, गिऱ्हाईक सांभाळायची; धाकटी सोल्डरिंग करून सर्किटं जोडायची. घरामागच्या दोन खोल्या आणि हाताखाली काही कारागीर, हाच कारखाना.

काचघरांत भाजी पिकवणाऱ्यांसाठी त्या छोटी खोकी बनवत. प्रत्येक खोकं आपल्या कोपऱ्यातली उष्णता मोजायचं, आणि सगळी खोकी तारांच्या एकाच जोडीवरून, आपली पाळी आली की, मालकाला आकडा कळवायची. हे बोलण्याचं काम नखाएवढ्या चिपचं. ती दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल सोडते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून दोन्हींतला फरक शाबूत राहतो, आणि आकडा त्या फरकातूनच वाचला जातो. खोकी बॅटरीवर चालत, त्यामुळे पाळी नसताना चिपने वीज जवळजवळ खाऊच नये, हे महत्त्वाचं.

एकदा थोरलीने स्वस्तातल्या चिप्स आणल्या. त्या गप्प असतानाही वीज पीत राहायच्या. धाकटीने मीटर लावून दाखवलं.

"जाऊबाई, या बॅटरीचा जीव घेतील."

"तू हात चालव, डोकं मी चालवते," थोरली म्हणाली.

थोड्याच दिवसांत काचघरं मुकी झाली. गिऱ्हाईक खोकी घेऊन दारात आलं, तेव्हा थोरलीने सगळ्या कारागिरांदेखत धाकटीकडे बोट केलं. "हिचं सोल्डरिंग कच्चं. कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ!"

धाकटीचा नवरा तिथेच होता. वहिनीपुढे तो परत आलेली खोकी मोजत बसला. धाकटीने हातातलं काम खाली ठेवलं आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

रस्त्यापलीकडे तिने एक गाळा घेतला, आणि नवरा-बायकोनी बिऱ्हाडही वेगळं केलं. पण बोल आधीच बाजारभर पसरला होता. कितीतरी दिवस तिच्याकडे दारावरच्या घंट्या दुरुस्त करण्यापलीकडे काम येईना. घंट्या दुरुस्त करता करता ती दातओठ खायची. पुढे जम बसला तशी ती चांगल्या चिप्स दिसतील तिथून घेऊन ठेवू लागली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"लोणचं घालायचंय का यांचं?" नवरा विचारायचा.

"वेळ येईल," ती म्हणायची.

वेळ आली. बाजारातून त्या चिप्स पार गायब झाल्या, आणि नेमकं तेव्हाच थोरलीने एक मोठं काम अंगावर घेतलेलं. ती रस्ता ओलांडून आली.

"तुझ्याकडे आहेत म्हणे."

धाकटीने कपाट उघडून भरलेले खण दाखवले. "देईन की. पण आधी तुमच्या कारागिरांना इथे आणा आणि त्यांच्यासमोर खरं काय ते सांगा."

थोरली तणतणत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यांना घेऊन आली. खाली बघत म्हणाली, "हिचं सोल्डरिंग चांगलं होतं. चिप्स मी हलक्या आणल्या होत्या. माहीत असून हिचं नाव घेतलं."

"मागच्यांना ऐकू आलं नाही," धाकटी म्हणाली.

थोरलीने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. तिचा आवाज चिरकला. धाकटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

"आता या तुम्ही."

"अगं, देईन म्हणाली होतीस ना!"

"तुम्ही पण माझ्याबद्दल बरंच काही म्हणाला होतात."

थोरलीचं काम गेलं, पाठोपाठ कारखानाही बंद पडला. तिथल्या कारागिरांपैकी दोघी धाकटीकडे कामाला लागल्या. घरी नवऱ्याने विचारलं, "तिने माफी मागितली होती. मग हे कशाला?"

"ती माफी माझ्या हक्काची होती. तिच्या बदल्यात काही द्यायचं माझ्यावर बंधन नव्हतं."

तो ताटावरून उठून गेला. आता भावाकडे तो एकटाच जातो. परतला की ती त्याला जेवायला वाढते. तिकडचं काही विचारत नाही, तोही सांगत नाही. त्या सकाळचा विषय निघाला तर ती सरळ सांगते की तिला बरं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.