तेओदोसियाचं उशिरा आलेलं पाणी

मिठागराकाठच्या कोल्चानी गावात मीठ वाळवणारी तेओदोसिया नवऱ्याच्या, फेर्मिनच्या मातीला रडली नाही, हे गाव तीन वर्षं विसरलं नव्हतं. गावाला दुसरा उद्योग काय? तिची नणंद एउलालिया तर भर बाजारात म्हणायची, "माझा भाऊ गेला आणि हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. दगड आहे दगड!"

दगड कसली! डोळेच कोरडे पडले होते बिचारीचे. तीस वर्षं पांढऱ्या मिठावरचं ऊन, तो वारा, आणि तोंडावर लोकरीचा टोप, ज्यातून स्वतःचाच श्वास वर डोळ्यांवर यायचा. मी इथल्या दवाखान्यातली नर्स. थेंब द्यायची, ते आठवड्यात संपायचे, नवे यायला महिना लागायचा.

"मला बाटलीतलं पाणी नको गं," ती एकदा म्हणाली. "मला माझं हवंय. यंदा फेर्मिनचं तिसरं वर्ष."

आमच्याकडे मेलेला माणूस एक नोव्हेंबरला दुपारी घरी येतो, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातो. तीन वर्षं येतो, मग कायमचा जातो. त्याला रडून निरोप द्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

मी तिला डोळ्यांत पाणी आणणारा श्वास शिकवला. डोळे मिटायचे, चार मोजेपर्यंत पोट फुगवत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडायचा, मन श्वासावर ठेवायचं.

"श्वासावर काय ठेवायचंय मेलं! मी फेर्मिनच्या फावड्याचा आवाज ऐकते," ती म्हणाली. ऐक बाई, म्हटलं.

ती रोज मिठाच्या ढिगाआड बसायची. महिनाभराने धावत आली, पापण्या खरंच ओल्या होत्या, आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. मीही हुरळले. हे पाणी बसल्यावर लगेच येत नाही, पाव तास घेतं, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. माझ्याकडे होतं.

दोन तारखेला मेजावर पावाच्या बाहुल्या, त्याला चढून परत जायला पावाची शिडी आणि फेर्मिनच्या आवडीचं किन्वाचं सूप होतं. प्रार्थना म्हणणाऱ्यांची रीघ लागली होती. एउलालिया तिला टेकू देईना. "वहिनी, यांना पाव दे. वहिनी, चिचाची दारू संपली!" बाराला पाच मिनिटं कमी असताना ती फेर्मिनच्या फोटोसमोर बसली आणि तिने डोळे मिटले.

"घ्या! झोपली!" एउलालिया म्हणाली. लोक हसले.

बाराची घंटा झाली. सगळ्यांनी फेर्मिनला निरोप दिला, पाव पदरात घेतले, मेज मोडलं. तेओदोसियाने डोळे उघडले. ते कोरडेच होते. रिकाम्या मेजाकडे पाहून ती मागच्या अंगणात गेली, मी तिच्यामागे.

तिथे ते आलं. गालांवरून, हनुवटीवरून, थांबेचना. एउलालिया दारापर्यंत आली, बघतच राहिली, आणि तिने आपली शाल वहिनीच्या खांद्यावर टाकली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पाणी यायला पाव तास लागतो. मी सांगायला हवं होतं."

तिने डोळे पुसले नाहीत.

"पाव तास ना?" ती म्हणाली. "थांबवलं असतं गं मी त्याला. एवढं ऐकलं असतं त्याने माझं."